हातभरावरचा चेंडू

लहानपणी मैदानातल्या तळ्यात तिने एवढे चेंडू बुडवले, की प्रशिक्षकांनी तिचं नावच मासोळी ठेवलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती व्यावसायिक गोल्फपटू झाली आणि तिच्या टोपीवर पंखे बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात आली, तेव्हा मासोळी भेटेल त्याला सांगायची, की कंपनीने माणूस अगदी पारखून घेतलाय, कारण चेंडूपेक्षा हवेलाच मी जास्त फटके मारते.

खरं तर सुरुवात झकास झाली होती. मोठ्या स्पर्धेत एकदा तिसरी आली, वर्तमानपत्रात फोटोही छापून आला. मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. लांबचा फटका अजूनही असा जायचा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण चेंडू होलपासून हातभरावर आला, की मनगटाला कापरं भरायचं. मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, शांत पाणी डोळ्यांपुढे आणा. तिला तळं आठवलं.

स्पर्धेचे गुरुवार-शुक्रवार हे पहिले दोन दिवस झाले की मागे पडलेल्या निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात. मासोळी त्या निम्म्यांत हमखास असायची. शनिवार-रविवार घरी सापडणारी खेळाडू म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिचा भाव वधारला होता.

अशाच एका स्पर्धेला सासूबाई सहज बघायला म्हणून आल्या होत्या. काठ्यांची पिशवी वाहायला नेहमी नवरा असे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉटेलच्या न्हाणीघरात घसरला आणि त्याचा घोटा टम्म सुजला. ऐनवेळी दुसरं माणूस कुठून आणणार? सासूबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी पदर खोचला, पिशवी ढकलगाडीवर चढवली आणि निघाल्या.

सातव्या होलपाशी चेंडू पुन्हा हातभरावर येऊन थांबला. "बघा हं, आता गंमत," मासोळी सोबतच्या खेळाडूंना म्हणाली आणि चेंडू बाजूने घालवला. सगळ्या हसल्या. तीही हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"तू आधी विनोद करतेस आणि मग चेंडू मारतेस," चालता चालता त्या म्हणाल्या.

"सवय आहे हो, आई."

"उत्तर येत नसलं की वर्गातली पोरं फळ्याकडे जातानाच हसायची. चुकलं तर मुद्दाम चुकवल्यासारखं दिसावं म्हणून."

मासोळीला ते भलतंच झोंबलं. "मग काय रडत मारू?"

"काहीच करू नकोस. नुसता मार."

पुढचे दोन होल ती सासूबाईंशी चकार शब्द बोलली नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या कुणाशीही बोलली नाही, आणि विनोदाचा आडोसा गेल्यावर हातात नुसती काठी उरली. दहाव्या होलला जवळचा फटका चुकला. इतक्या वर्षांत चुकल्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. वाटायच्या आत ती हसून मोकळी व्हायची. बाराव्याला चेंडू आत गेला. चौदाव्यालाही गेला.

शेवटच्या होलपाशी हिशेब सरळ होता. हा हातभराचा फटका गेला तर उद्याही खेळायचं, नाही तर सामान आवरायचं. पंख्यावरचा एक फर्मास विनोद तिच्या जिभेवर आला. तिने तो गिळला आणि चेंडू मारला. होलच्या काठावरून चेंडू फिरला, जरासा घुटमळला आणि आत पडला.

"हा धरायचा ना?" सासूबाईंनी विचारलं.

"धरायचा, आई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

म्हणून ती जिंकली वगैरे काही नाही. सासूबाईंनीच पुढचे दोन दिवस गाडी ढकलली आणि मासोळी शेवटून दुसरी आली. शेवटची होती ती बिचारी तापाने फणफणली होती. संध्याकाळी हॉटेलवर नवरा पाय उशीवर ठेवून वाटच बघत होता. निकाल ऐकून त्याने हसायची तयारी केली. आता ही पुढे काही तरी मजेशीर बोलेल, अशी त्याची अटकळ होती.

"वाईट वाटतंय रे," ती म्हणाली. "याहून बरं खेळता येतं मला. पुढच्या स्पर्धेला नाव दे."

सासूबाई खांदे चोळत पलंगावर टेकल्या होत्या. "दे की. पण घोटा आधी बरा कर बाबा," त्या मुलाला म्हणाल्या. "ती पिशवी आता मी ढकलणार नाही."