झुंबरकडची माझी किडनी

माझा धाकटा भाऊ झुंबर आधीच हट्टी, त्यात मी किडनी दिल्यापासून भलताच शहाणा झाला. नऊ वर्षं त्याने ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. सटाण्यात कुणाचं लग्न असलं तरी हा घरची भाकरी खाऊन जायचा. आणि लघवीतून रक्त गेलं तेव्हा मात्र महिनाभर मूग गिळून बसला. कळल्याबरोबर मी त्याला नाशिकला आणलं आणि वाटभर झापलं.

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. सर्जनबाईंनी समजावून सांगितलं, "मूत्राशय काढावं लागेल. बसवलेली किडनी अगदी शेजारी आहे, तिला जपून करू. तिची नळी आतड्याच्या तुकड्याला जोडायची. मग लघवी पोटावरच्या पिशवीत येईल." किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनी शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होते, त्यात असे आजार बळावतात, हेही त्या म्हणाल्या. झुंबरने नेमकं तेवढंच मनात धरलं.

ऑपरेशनसाठी दाखल केलं तेव्हा त्याचे पाय सुजलेले होते. रक्ताचा रिपोर्ट पाहून बाईंचा चेहरा उतरला.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"झाले पंधरा-वीस दिस," झुंबर खाली बघत म्हणाला. "म्हटलं, गोळ्या नाय घेतल्या तर कॅन्सर आटंल. मग कापाकापी नाय, अन् अक्काच्या किडनीला धक्का बी नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला बडवावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "शरीर किडनी नाकारायला लागलंय. वाचवायची तर जोरदार औषधं द्यावी लागतील. ऑपरेशन लांबेल, कॅन्सरला मोकळं रान मिळेल. नाहीतर किडनीची आशा सोडायची, डायलिसिस लावायचं आणि लवकरात लवकर मूत्राशय काढायचं. तरीही आजार थांबेलच, असं मी सांगू शकत नाही."

"औषधं द्या," झुंबर म्हणाला. "किडनी मी सोडणार नाय."

"गाढवा, जाऊ दे ती," मी म्हटलं. "मला तू पाहिजेस."

त्याने दोन्ही हात ओटीपोटाच्या उजव्या बाजूवर, किडनी बसवली होती तिथे, गच्च धरले आणि अंग चोरून घेतलं. मी ती काढून न्यायलाच आले असावे, तसा तो माझ्याकडे बघत होता.