महाराजांचा मणी आणि काकांचा पाय

त्या रविवारी जर्मनीत, रोहनच्या हॅम्बर्गच्या फ्लॅटबाहेर ओले बूट ठेवायलाही जागा नव्हती. भारतातून आलेले नागेशमहाराज महिनाभर इथेच मुक्कामाला होते ना! समोर अख्खं मराठी मंडळ आणि खुर्चीत रोहनचे वडील, वासुदेवकाका. मधुमेहामुळे त्यांची टाच चिघळली होती. मोजा टाचेपुरता खाली सरकवून महाराजांनी जखमेवर काळा मणी टेकवला आणि हात काढला. मणी चिकटलेलाच!

"विष पितोय! पोट भरलं की सुटेल. घाई नको, तोही जेवतोय!"

सुटलेला मणी दुधात पडला. बुडबुडे आले. "आता ओकतोय," महाराज म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले.

रोहन विमानांचे भाग तपासणारा इंजिनियर. मला म्हणाला, "धम्मदीपाताई, महिनाभर बघतोय. दर वेळी चिकटतो, गेनाऊ, अगदी तस्साच! अनुभव आहे. सर्जनची घेतलेली वेळ, तो टेर्मिन, मी रद्दच केला."

माझं डोकंच फिरलं. मी इथे विज्ञानाचा इतिहास शिकवते. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातले विद्वानही असले विष ओढणारे 'सर्पमणी' कपाटात जमवायचे आणि कोणाला काय गुण आला ते लिहून ठेवायचे. त्याला म्हणायचे निसर्गाचा इतिहास. 'पण का?' असं विचारणारे निसर्गाचे तत्त्वज्ञ वेगळे, आणि ते या कपाटवाल्यांना नाकं मुरडायचे. दोघं एकमेकांचं ऐकायला लागले तेव्हा कुठे विज्ञानाचं गाडं हललं. आमचा रोहन अजून कपाटापाशीच!

बाल्कनीत मातीची कुंडी फुटली होती. मी एक खापरी पुसून ओल्या जिभेला लावली. लटकली! मग दुधात टाकली. बुडबुडे!

"महाराज, आमची कुंडीपण जेवते हो!"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"तुमचा मणी म्हणजे भाजलेलं हाड," मी म्हणाले. "खापरीसारखीच त्याची बारीक छिद्रं ओल शोषतात म्हणून चिकटतं. दुधात छिद्रांतली हवा बाहेर येते. विष कसलं डोंबलाचं!"

"यांची श्रद्धाच कमी पडली," महाराज पुटपुटले.

मी काकांचा मोजा पूर्ण काढला. बोटं काळीठिक्कर पडली होती. महिनाभर सगळे मणी बघत होते, पाय कोणीच बघितला नव्हता. रोहनने रुग्णवाहिकेला फोन लावला.

गुडघ्याखालून पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर काकांनी विचारलं, "रोहन, मणी चिकटत तर होता ना रे?"

"हो अप्पा. चिकटत होता."

चिकटत होताच. अनुभव खोटा नव्हता. तो कशामुळे येतो, एवढंच कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारा बाबांनो, आणि पाय शाबूत आहे तोवर विचारा.