दोऱ्याची कर्णफुलं

शकूनं कागदाची पुडी नवऱ्याच्या हातात दिली नाही, खाटेच्या कडेवर ठेवली. चौदा महिने झाले, ती त्याच्या हातात थेट काही देत नव्हती. क्षयाच्या दवाखान्यात कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिची तीच तशी वागायला लागली होती, आणि ज्योतीरामलाही त्यावर कधी काही बोलता आलं नव्हतं.

त्यानं पुडी उघडली. आत दोन कर्णफुलं होती, सोन्याची नव्हेत, दोऱ्याची. पांढऱ्या सुताची पाच कडी एकमेकांना धरून रुपयाएवढं फूल झालेलं, त्याच्या कडेनं मुंगीच्या डोक्याएवढे फास, आणि खाली तीन थेंब लोंबत होते. वरचे चांदीचे आकडे तेवढे त्याच्या ओळखीचे होते. दोन महिन्यांपूर्वी शकूनं सांगितलं म्हणून त्यानंच चिंचवडच्या सोनाराकडून आणून दिले होते, कशाला हवेत हे न विचारता.

"ही तू केलीस?"

"न्हाई, आभाळातनं पडली." शकू हसली आणि हसू खोकल्यात जाऊ नये म्हणून लगेच थांबली. "सुमनताईंनी शिकवलं. दिवसाला एक तास करू देत्यात. पडल्या पडल्या व्हतंय."

सुमनताई म्हणजे तिच्या वॉर्डातल्या नर्स. त्यांनी दिलेला धोटा शकूनं उशीखालून काढून दाखवला. बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा, पोटात दोरा गुंडाळलेला. डाव्या हाताच्या बोटांवर दोरा ताणून तिनं त्याखालून धोटा सरकन नेला आणि परत आणला.

"ही बघा गाठ पडली. पण ती ह्या दोऱ्यावर ऱ्हाऊन चालत न्हाई. हिसका द्यायचा, की ती त्या दोऱ्यावर उडी मारती. न्हाई मारली, तर कडं मिटतच न्हाई. अन् एकदा मिटलं, का उघडत न्हाई. चुकलं तर कातर."

"किती येळा चुकलं?"

"त्ये कशाला इचारता?" तिनं धोटा परत उशीखाली सारला आणि छताकडं बघत म्हणाली, "येत्या मंगळवारी न्हाई, पुढल्या मंगळवारी कापणार हायेत. फुफ्फुस दबून बसावं म्हणून ह्या बाजूच्या फासळ्या काढणार. सुमनताई म्हणत्यात, समदं नीट व्हतं. म्हणताना माझ्याकडं बघत न्हाईत."

ज्योतीराम पुडीच्या कागदाची घडी घालत राहिला. त्याला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. सात इयत्ता शिकलेला आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचणारा माणूस तो. वाचलेलं सगळं अशा वेळी नेमकं पळून जायचं.

"माझं एक काम करा," शकू म्हणाली. "पुढल्या रविवारी सगुणाला आणा. आत सोडत न्हाईत, ठावं हाय मला. कुंपणापाशी उभी करा. ही तिच्या कानात मला बघायचीत. हितनं दिसावी म्हणून तर एवढी मोठी केली."

"आणतो," तो म्हणाला.

सगुणा सहा वर्षांची होती. तिचे कान वर्षापूर्वी टोचले होते. भोकं बुजू नयेत म्हणून आजीनं त्यांत कडुनिंबाच्या काड्या घातल्या होत्या, आणि आई घरी आल्यावर डूल घालायचे असं ठरलं होतं. काड्या तीनदा बदलून झाल्या होत्या.

ज्योतीरामची आई कुशाबाई ताथवड्याच्या घरी ओट्यावर जोंधळे निवडत बसली होती. पुडी तिनं लांबूनच पाहिली.

"कुणाच्या हातची?"

"शकूच्या."

"मंग ती आत आणू नगंस."

"आये, सूतच हाय ते. उकळून घेतो. उकळलं का त्यात काय ऱ्हात न्हाई."

कुशाबाईनं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझी थोरली भन गेली, तिची चोळी मी राखंच्या पाण्यात उकळली व्हती. ह्या हातानं. दोनदा. मंग धाकटीला घातली. नवी व्हती रं, एकदाच अंगाला लागल्याली. धाकटी किती दिस जगली, तुला ठावं हाय."

ज्योतीरामला ठाऊक होतं. त्याला हेही ठाऊक होतं की दोघी बहिणी एका वाकळेत निजायच्या आणि रोग चोळीतून नव्हे, त्या वाकळेतल्या श्वासातून गेला असणार. हे त्यानं एका पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं त्या दोघींना पाहिलं नव्हतं. त्यानं पुडी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवली.

गावात सगळ्यांना त्याच्या नोकरीचं कौतुक होतं. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना निघाला, त्यात तो बाटल्यांच्या खात्यात लागला होता. बाटल्या धुवायच्या, वाफेच्या कपाटात ओळीनं लावायच्या, दार बंद करायचं, काटा ठरलेल्या खुणेवर आला की घड्याळ बघायचं. कपाटातून निघालेली बाटली म्हणजे शुद्ध. कुठल्या कुठल्या गावची माणसं त्या बाटलीतलं औषध डोळे मिटून टोचून घेत. मात्र शकूच्या दुखण्याला ते औषध चालत नव्हतं. त्यानं एकदा धीर करून साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "ते जंतू वेगळे." गावात हे कुणाला पटत नसे. औषधाच्या ढिगात बसून ह्याला बायकोसाठी एक बाटली मिळत नाही, म्हणजे हाच बावळट, असं लोक म्हणत. खरं म्हणजे त्यालाही कधी कधी तसंच वाटे.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं हिंदुरावला विचारलं. हिंदुराव त्याच्याच खात्यात, कोल्हापूरकडचा, मोठ्या तोंडाचा.

"हिंदुराव, वाफंतनं निघालेल्या बाटलीत एखादा जंतू ऱ्हात असंल का?"

"राहिला तर तू नि मी उद्या म्हशी राखायला."

"आन् दोऱ्यात?"

"दोरा काय बाटलीपेक्षा शहाणा हाय व्हय, राव?" हिंदुरावनं भाकरीचा तुकडा मोडला. "काय भानगड हाय?"

ज्योतीरामनं सांगितलं. हिंदुरावनं घास गिळला आणि म्हणाला, "उकळ आणि घाल. मुकादमाला सांगून एक बाटली देतो तुला, रुंद तोंडाची, काठाला चिरलेली. बूच मारून ठेव त्यात. तुझ्या आईलाबी दिसंल, की काम पक्कं हाय."

त्या संध्याकाळी त्यानं घरामागं तीन दगड मांडले, जुन्या तपेलीत पाणी ठेवलं आणि कर्णफुलं त्यात सोडली. पाण्याला उकळी फुटल्यावर अर्धा तास तो काटकी पुढं सारत बसला. बाहेर काढली तेव्हा फुलं उरली नव्हती, ओल्या दोऱ्याचे दोन बोळे झाले होते. शकूनं त्यांना खळ लावून ताठ केलं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण गाठ एकही सुटली नव्हती. भाताची पेज गाळून त्यानं ती त्यात बुडवली, पाटावर पसरली, सगुणाकडून बाभळीचे काटे आणवले आणि एकेक फास काट्यानं ताणून धरला. सकाळी फुलं परत फुलं झाली होती.

बुधवारी त्याला वाटलं, पेज तर घरच्याच भांड्यातली, तिच्यात आपले हात गेले, उकळण्याच्या आधी ह्याच हातांनी पुडी उघडली होती. त्यानं परत उकळली, परत पेज लावली. गुरुवारी तिसऱ्यांदा. मग बाटलीही उकळली, फुलं आत टाकली आणि बूच दाबून बसवलं.

शनिवारी दिवेलागणीला कुशाबाई आपणहून त्याच्याजवळ आली. बाटली कोनाड्यात होती. तिनं तिला हात लावला नाही, पण वाकून बघितलं.

"लई बारीक काम हाय," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मी अडाणी. मला चोळीच दिसती. तू शिकल्याला हायेस. बाटल्या धुतूस. तुझी लेक हाय, तुला खातरी असंल तर घाल."

एवढंच हवं होतं. आठवडाभर तो आईच्या नकाराशी मनातल्या मनात भांडत होता, मुद्दे जुळवत होता. नकार बाजूला झाला आणि समोर तो एकटाच उरला. खात्री! हजारो बाटल्या त्याच्या हाताखालून गेल्या, त्यांची खात्री त्याला कुणी विचारली नव्हती; तिथं काटा होता, घड्याळ होतं, साहेबांची सही होती. इथं तीन दगड आणि तपेली. त्यानं सगुणाच्या कानाकडं पाहिलं. पाळी किती पातळ होती. काडी बदलताना कधी कधी रक्ताचा एक थेंब यायचा.

रविवारी सकाळी त्यानं खोक्याचा जाड पांढरा पुठ्ठा घेतला, कातरीनं पाच पाकळ्यांची दोन फुलं कापली, खाली तीन तीन थेंब ठेवले आणि कडुनिंबाच्या नव्या काड्यांना ती खळीनं चिकटवली. सगुणानं विचारलं, "दादा, आईची कुठं हायेत?"

"ती तू मोठी झाल्यावर."

लांबून काय कळणार, असं तो स्वतःला सांगत होता. शंभर पावलांचं अंतर. मंगळवारी तिच्या फासळ्या काढणार, त्याआधी तिला एकदा पांढरं काहीतरी हलताना दिसलं म्हणजे झालं. तरी निघताना त्यानं कोनाड्यातली बाटली उचलून खिशात टाकली. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

सायकलच्या नळीवर सगुणाला बसवून तो दवाखान्याच्या कुंपणाशी आला तेव्हा वॉर्डापुढच्या व्हरांड्यात खाटा लागल्या होत्या. तिसऱ्या खाटेवर शकू उशीला टेकून बसली होती. सुमनताईंनी तिचे केस विंचरून दिले असावेत. ज्योतीरामनं सगुणाला कुंपणाच्या दगडावर उभं केलं. शकूनं हात वर केला. सगुणानंही केला.

वॉर्डातला नोकर चिमाजी निरोप्या झाला होता. मैदान ओलांडून तो कुंपणापाशी आला.

"तुमच्या मंडळी म्हणत्यात, पोरीला मान हलवाया सांगा. डुलत्यात का बघायचंय."

"नगं," ज्योतीराम म्हणाला. "म्हणजे... ऱ्हाऊ द्या."

पण सगुणानं ऐकलं होतं. तिनं अंबाबाई अंगात आल्यासारखी मान हलवली. डाव्या कानातलं फूल काडीपासून सुटलं, वाऱ्यावर दोन गिरक्या घेऊन कुंपणाच्या आत पडलं आणि जमिनीवरून घरंगळत गेलं. दोऱ्याचं फूल असं घरंगळत नाही. पुठ्ठाच घरंगळतो.

चिमाजीनं वाकून ते उचललं, उलटं केलं. मागच्या बाजूला खोक्यावरची निळी छापील अक्षरं होती.

"ह्ये काय, भाऊ?"

ज्योतीरामनं व्हरांड्याकडं पाहिलं. शकूचा वर केलेला हात तसाच होता. मग तो खाली आला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की खोकत होती, की आणखी काही, हे शंभर पावलांवरून कळत नव्हतं.

त्यानं खिशातून बाटली काढली. बूच निघेना. त्यानंच ते एवढं दाबलं होतं. दातांनी उपसलं, फुलं तळहातावर ओतली आणि सगुणाच्या डाव्या कानातली काडी ओढून काढली.

"दुखतंय, दादा!"

"उगी. हलू नगंस, बाय माझी. हलू नगंस."

आकडा भोकाशी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला. त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि ओरडला. आयुष्यात तो असा कधी ओरडला नव्हता. "शकू! हे बघ! हे खरं हाय!"

तेवढ्यात विश्रांतीची घंटा झाली. खाटांची चाकं वाजली. सुमनताई तिसऱ्या खाटेच्या आणि मैदानाच्या मधे आल्या. त्या खाट वळवत होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. शकूचं डोकं एकदा वळल्यासारखं वाटलं. मग एकामागून एक बांबूचे पडदे खाली आले आणि व्हरांडा दिसेनासा झाला.

"काय सांगू त्यास्नी?" चिमाजीनं विचारलं. पुठ्ठ्याचं फूल अजून त्याच्या हातात होतं.

"सांगा, घातलं म्हणून. एक घातलंय."

"एकच?"

"दुसरंबी घालतो. आत्ता घालतो. सांगाल न्हवं?"

"सांगतो की," चिमाजी म्हणाला आणि चालू लागला. वाटेत त्याला माळ्यानं हाक मारली. तो तिकडं वळला, तंबाखू मळत उभा राहिला.

ज्योतीरामनं सगुणाला खाली दगडावर उतरवलं आणि उजव्या कानातली पुठ्ठ्याच्या फुलाची काडी काढून दुसरं कर्णफूल त्यात घातलं. ह्या वेळी आकडा पहिल्या फटक्यात गेला. उन्हात ती दोन्ही पांढरी स्वच्छ दिसत होती, पाच पाच कडी, एकही गाठ न सुटलेली. रुपयाएवढी फुलं त्या लहान तोंडाला फार मोठी होती.

"दादा, आई बघती का?" सगुणानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पडद्यांकडं तोंड करून मान हलवू लागली. कर्णफुलं चांगली डुलत होती. तिला थांब म्हणावं की आणखी थोडं हलव म्हणावं, हे ज्योतीरामला ठरवता येईना.