शून्याखालचं पाणी

आमचे हे तलावाचं पाणी मोजतात. रोज सकाळी सात वाजता काठावरच्या लोखंडी पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि शहरातल्या पाणीपुरवठा कार्यालयाला कळवायचा, बावीस वर्षं हेच काम. त्या आकड्यावरून शहराला किती पाणी सोडायचं ते ठरतं. आमची लेक त्याच शहरात तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि तिला दोन महिन्यांची जुळी आहेत. तेव्हा पट्टीवर माझाही डोळा असतो.

यंदा पाणी पट्टीच्या शून्याखाली गेलं. पट्टी रोवली तेव्हा असं होईल हे कुणी धरलंच नव्हतं. तेव्हा पाऊस वेळेवर यायचा. ह्यांनी 'उणे दीड फूट' टाकलं, तर कॉम्प्युटर घेईना. साहेबांना फोन केला.

"उणे पाणी कसं असेल हो? डोकं ठिकाणावर आहे ना?" साहेब म्हणाले. "शून्य टाका."

बावन्न दिवस ह्यांनी शून्य टाकलं. पाणी रोज उतरत होतं, आणि कार्यालयातून पत्र आलं, पातळी स्थिर राखल्याबद्दल अभिनंदन! ह्यांनी ते चक्क भिंतीवर लावलं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, पाणी संपल्यावर नातवंडांना काय पाजणार, हे पत्र?"

"मग काय करू? कॉम्प्युटरला शून्याखालचं कळत नाही."

"मग पट्टीच खाली घ्या!"

हो, अक्कल माझीच. नव्या पट्टीच्या मंजुरीला दोन वर्षं लागतात. जुनी काढायला पाना पुरतो. आम्ही दोघांनी चिखलात उतरून ती सहा फूट खाली बसवली. पाणी दोनच्या खुणेवर आलं. नव्या शून्याखाली नुसता गाळ. सकाळी ह्यांनी 'दोन फूट' टाकलं आणि कॉम्प्युटरनं मुकाट्यानं घेतलं. खरा आकडा गेला म्हणून मी चहात साखर जरा सढळ हातानं घातली.

कालपर्यंत शून्य कळवलं होतं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कार्यालयाच्या लेखी तलाव एका रात्रीत दोन फूट भरला. पाऊस पडला का, हे विचारायला फॉर्मवर रकानाच नव्हता. दुपारपर्यंत शहरातली पाणीकपात उठली.

ह्यांनी घाबरून साहेबांना सगळं सांगितलं.

"आता गप्प बसा," साहेब म्हणाले. "पेपरात बातमी गेलीय."

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, दिवसभर पाणी आहे गं! आज जिनासुद्धा धुतला!"

मागे नळ चालू होता, मला ऐकू येत होतं. पट्टीवर दीड उरलं होतं. तिला सांगायला हवं होतं, तिच्या शेजाऱ्यांना, सगळ्या शहराला. मला लाज वाटते, पण मी म्हणाले, "घरातलं भांडं न् भांडं भरून ठेव. आणि शेजारी कुणाला बोलू नकोस."