बडबड्या न्हावी संत कसा झाला

गावातल्या न्हाव्याला सगळे बडबड्या म्हणत, आणि ते नाव त्याने रोज घाम गाळून कमावलं होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं की जीभ सुटायची, ती कापड झटकेपर्यंत. कुणाची सून माहेरी का गेली, मिस्साची प्रार्थना म्हणताना फादरना ढेकर का येतात, बिशपांचा ड्रायव्हर गुपचूप कुठे जेवतो, सगळं त्याच्याकडे ताजं मिळायचं. लग्न त्याने केलं नव्हतं. त्याची विधवा थोरली बहीण त्याच्याकडे राहायची. ही ताई म्हणायची, "बरं झालं. चर्चमध्ये 'हो' म्हणायलासुद्धा याने नवरीला उसंत दिली नसती."

एका सकाळी म्हातारा कसाई दाढीला आला. बडबड्याने फेस लावला, खुर्ची मागे कलती केली आणि कुणाच्या तरी भांडणाची गोष्ट सुरू केली. एक गाल झाला. दुसरा गाल झाला. हनुवटीपाशी येऊन त्याने विचारलं, "आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची?" कसाई बोलेना. बडबड्याने स्वतःच उत्तर दिलं, त्यावर स्वतःच हसला आणि गरम पाण्यातला रुमाल कसायाच्या तोंडावर ठेवला. रुमालातून वाफ निघत होती, पण रुमाल खालीवर होत नव्हता.

डॉक्टर आला, नाडी बघून म्हणाला, "बराच वेळ झालाय. पहिल्या गालालाच गेले असतील."

गाव पोट धरून हसलं. कसायाची बायकोसुद्धा डोळे पुसता पुसता म्हणाली, "गेले ते गेले, पण जन्मात पहिल्यांदा नीट दाढी करून गेले." बडबड्या मात्र हसला नाही. रात्रीचं जेवण त्याने तसंच टाकलं.

"ताई, मी मेलेल्या माणसाशी बोलत होतो आणि मला काही फरकच कळला नाही. मग जिवंत माणसांशी मी आजवर काय बोलत आलो?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून, हत्यारांची पेटी काखोटीला मारून तो खाणीवरच्या टेकडीवर गेला. तिथे एक पडकं प्रार्थनाघर होतं आणि त्याला लागून एक खोली. जुन्या काळी तिथे जग सोडून देवापाशी एकटे राहणारे एकांतवासी असत. आता पाली होत्या.

ताई मागोमाग धापा टाकत आली. "भांडी घासायचा कंटाळा आला असेल तर तसं सांग! त्यात देवाला कशाला ओढतोस?"

त्याने तोंडावर बोट ठेवलं. ताईने त्याला कोपरापासून हात जोडले आणि ती उतरली. पण रविवारी पाव आणि शिव्या घेऊन परत आली, आणि पुढे दर रविवारी येत राहिली.

सुरुवातीला त्याचे फार हाल झाले. माणसं नव्हती म्हणून तो क्रूसावरच्या ख्रिस्तालाच गावच्या बातम्या सांगायचा. त्या शिळ्या झाल्या, मग संपल्या. उरली ख्रिस्ताची दाढी. ती कुणा अडाण्याने कोरली होती, डावीकडे आखूड, उजवीकडे लांब. प्रार्थनेला गुडघे टेकले की बडबड्याचे हात शिवशिवायचे.

"देव समोर लटकलाय, आणि मी त्याचे कल्ले सारखे करायला बघतोय," तो ताईपाशी रडला.

"मग बघ तेच. नाहीतरी तुला दुसरं काय येतं?" ताई म्हणाली.

त्याने ते मनावर घेतलं. रोज पहाटे त्या वाकड्या दाढीकडे बघत बसायचा. हळूहळू दाढी नजरेआड झाली, चेहरा दिसू लागला. त्या चेहऱ्यासमोर काही सांगावंसं वाटेनासं झालं. एवढीच त्याची साधना. दृष्टान्त वगैरे काही नाही.

मग एक दिवस केस डोळ्यांवर आलेला खाणकामगार वर चढला. गावात दुसरा न्हावी नव्हता. बडबड्याने मुकाट्याने कात्री काढली. ती शांतता त्या माणसाला सोसेना, म्हणून तोच बोलू लागला. बोलता बोलता सख्ख्या भावाला घराबाहेर काढल्याचं बोलून गेला आणि ढसाढसा रडला. खाली उतरून तो थेट भावाच्या दारात उभा राहिला. गोष्ट पसरली. माणसांची रीघ लागली. एक साफ टकल्या माणूस तर नेमाने केस कापायला यायचा.

खाली चर्चमध्ये पापांची कबुली ऐकायला बसलेले फादर माश्या मारू लागले. शेवटी तेच तणतणत वर आले.

"पापांची क्षमा द्यायचा तुला अधिकार नाही!"

बडबड्याने नाही अशी मान हलवली.

"मग करतोस काय इथे?"

त्याने कात्री दाखवली, मग स्टूल. फादरना दम लागला होता, म्हणून ते बसले. कानामागे कात्री कचकच करू लागली तशी त्यांची मान सैल पडली. जरा वेळाने हळूच म्हणाले, "मी रोज प्रार्थना म्हणतो रे. पण हल्ली पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही."

कात्री थांबली. बडबड्याचा बसलेला आवाज आला, "फादर, मी मेलेल्याला जिवंत समजून बोलत राहिलो. तुम्ही जिवंताला मेलेला समजून उठून जाऊ नका. शब्द नसले तर नुसतं बसा. आणि मान खाली करा."

फादर एका बाजूला जास्त कापलेले केस घेऊन उतरले. पुढच्या रविवारी त्यांचं प्रवचन इतकं आखूड झालं, की ते आजारी आहेत अशी अफवा उठली.

बरीच वर्षं गेली. एका थंडीत बडबड्याच्या छातीत कफ भरला. ताई वर येऊन राहिली. शेवटच्या दुपारी तो म्हणाला, "ताई, बोल ना काहीतरी." ताईने तोंड उघडलं, पण आज तिला एकही शिवी सुचेना. तिने त्याचा हात घट्ट धरला. हेही चालेल, अशी त्याने मान हलवली, आणि गेला.

मग लोक संताचे पवित्र अवशेष म्हणून मिळेल ते गोळा करायला धावले. कुणी कंगवा पळवला, कुणी केरातले केस पुडीत बांधून नेले. ते केस गिऱ्हाइकांचे होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. निदान एका घरात तरी आजही खाणीच्या मुकादमाच्या केसांपुढे गुडघे टेकले जातात. बाकीच्यांना ताईने झाडू घेऊन पिटाळलं.

त्याला संत म्हणावं का, याच्या चौकशीला बिशपांनी एक हडकुळे धर्मगुरू पाठवले. त्यांनी आधी ताईलाच गाठलं.

"तो नम्र होता?"

"छे."

"उपवास करायचा?"

"माझा पाव येईपर्यंत."

"मग तुम्ही दर रविवारी एवढी टेकडी का चढत होता?"

"खाली मला सगळे सल्ले देतात," ताई म्हणाली. "तो ऐकायचा."

बिशपांचा निर्णय यायचा तेव्हा येईल, गावाला तेवढा धीर नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याचा पुतळा मागवला. आला तो सडपातळ, गोरापान, डोळे आभाळाला लावलेला आणि लांबसडक बोटांचा. बडबड्या होता बुटका, ढेरपोट्या. ताईने पुतळ्याला एक प्रदक्षिणा घातली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिला बाकावर बसावं लागलं. फादरही हसू लागले.

"हा कोण का असेना," ती डोळे पुसत म्हणाली, "एवढ्या लांबून आलाय बिचारा. द्या ती काडेपेटी इकडे."

आणि तिने त्याच्यापुढे मेणबत्ती लावली.