थोराच्या पेशी

कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या प्रयोगशाळेत थोरा सिगर्डसनचं काम एकच होतं. पेशी दुभंगण्याआधी आपला डीएनए कसा आवरून घेते, ते बघायचं. दोन मीटरचा धागा प्रथिनांच्या बारीक गुंड्यांवर गुंडाळायचा, त्याच्या घड्या घालायच्या आणि इतका घट्ट बसवायचा, की दोन्हीकडे ओढताना कुठे अडकू नये. कॅन्सरच्या पेशी हे काम कसंबसं उरकतात, असं ती वर्गात शिकवायची. जानेवारीत तिच्याच स्तनात गाठ निघाली.

ऑपरेशननंतर गाठ तपासणाऱ्या डॉक्टर ओरेस्ट ह्रिनचुक यांच्याकडे तिने स्लाइड बघायला मागितली. पेशंटला सहसा दाखवत नाही, असं ते म्हणाले. ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी तिला खुर्ची दिली. मी मागे उभी होते.

सूक्ष्मदर्शकात बघत थोरा म्हणाली, "ही बघा. वेगळी व्हायला निघालीय आणि धागा मध्येच ताणून ठेवलाय. गबाळं काम."

"तुमचीच पेशी आहे," ओरेस्ट म्हणाले.

"म्हणून तर लाज वाटते."

ऑपरेशनच्या दिवशीच गाठीचा ताजा तुकडा, सगळ्या परवानग्या काढून, मी प्रयोगशाळेत आणला होता. त्यातल्या पेशी वाढवायच्या, असं तिनेच ठरवलं होतं. मी त्यांना ऊब दिली, खाऊपिऊ घातलं. त्या मेल्या. तिला सांगायचं मी टाळत राहिले. मग ती स्वतःच पेशी वाढवायची काचेची बशी बघायला आली.

"माझ्यात मजेत वाढत होत्या," ती म्हणाली. "तुझ्याकडे जेवल्या नाहीत?"

एवढं बोलून ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच. माझ्या हाताशी भिंगं पुसायचा कागद होता, तोच दिला.

पुढे केमो सुरू झाली. दुभंगणाऱ्या पेशीला अर्ध्या वाटेत अडकवणारं औषध. थोराने ते वर्षानुवर्षं बशांमधल्या पेशींवर वापरलं होतं. नर्स त्याची माहिती सांगू लागली तेव्हा थोराने सगळं निमूट ऐकून घेतलं. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर दुभंगतात, त्यामुळे केस गेले. लोकरीची टोपी घालून ती कामावर यायची आणि पेशी माझ्याच हलगर्जीपणामुळे मेल्या, यावर माझ्याशी वाद घालायची.

परवाच्या तपासणीत काही निघालं नाही. कुणा पेशंटच्या स्लाइडवर पेशीचं एखादं विचित्र विभाजन दिसलं की ओरेस्ट आता तिला फोन करतात. ती बर्फातून चालत जाते, बघते आणि त्या पेशंटचं वय काय, एवढंच विचारते.