साळुंकीची पिल्लं उडेपर्यंत

लुआंगिउआ बेटावर एक रीत आहे. घराजवळच्या खोडात पिवळ्या डोळ्यांच्या काळ्या साळुंकीची पिल्लं असली, की ती उडून जाईपर्यंत त्या घरात राहणाऱ्याने जहाजात पाऊल टाकायचं नाही. म्हाताऱ्या पाकेआने या रीतीच्या जोरावर तीन जहाजं आपल्याविना परत पाठवली होती.

यंदा मात्र हेकेनी, त्याची लेक, राजधानी होनिआराहून त्याला स्वतःच न्यायला आली. पाकेआची बायको लौमा वारून चार वर्षं झाली होती, अळू पिकवायच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं होतं, आणि म्हातारा अजून माडीसाठी माडावर चढत होता.

"आबा, पिल्लं उडाली की नाही?"

"कुठली उडतायत. आळशी निपजलीत, तुझ्या नवऱ्यासारखी."

दारातल्या शेंडा गेलेल्या, साळुंकीची ढोली असलेल्या माडाच्या बुंध्याशी करवंटीत पपईच्या फोडी ठेवलेल्या असत. लौमा ठेवायची तशाच. जहाज निघायच्या सकाळी हेकेनीने ती करवंटी उचलली. फोडी जशाच्या तशा होत्या, वर मुंग्या लागलेल्या. तिने खोडावर थाप मारली. आत काही हललं नाही. वर साळुंकी नाही, पिल्लं नाहीत, चिवचिव नाही.

ती तिथेच बसली. चौदा वर्षांची असताना तिला शाळेसाठी होनिआराला धाडायचं होतं. तेव्हा आई रोज अशीच पपई ठेवायची आणि म्हणायची, अजून उडाली नाहीत गं. दोन जहाजं तिच्याविना गेली. ते दिवस तिला फार आवडले होते. आईच्या कुशीत झोपायला मिळायचं, म्हणून तीही साळुंक्यांच्या पिल्लांवर खूश होती.

पाकेआ मागे येऊन उभा राहिला. करवंटीकडे त्याने पाहिलं नाही.

"आबा, मला थांबवलंत तेव्हाही ढोली रिकामीच होती?"

म्हाताऱ्याने दाढी खाजवली.

"पहिल्या जहाजाला होती पिल्लं."

हेकेनीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. किनाऱ्यावरून होडीवाला आलापोई ओरडला, "ए हेकेनी, म्हातारा येतोय का? भरती ओसरतेय."

तिने मुंग्या झटकून करवंटी धुतली आणि नवी पपई चिरायला घेतली.

"नाही रे," ती ओरडून म्हणाली, "अजून उडाली नाहीत."